कोणाचा गो चेडू तू?

जामसंड्याच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना
कुणीतरी विचारतंच,
"कोणाचा गो चेडू तू?"
इथे नाव नंतर. आधी घर,
मग वाडी, मग कलमं किती.

लहान असताना मी धावत सांगायचे,
"गुरख्याचा!"
बायका हसायच्या, एखादी हातावर
सोललेला काजू ठेवायची.
ते आडनाव नाही हे कळलं चौथीत,
दाखल्यावर, गुरुजींच्या वळणदार अक्षरात:
मानकुमारी दलबहादूर गुरखा.
बाबा म्हणाले, राहू दे.
रोकाया लिहिलं असतं
तरी वाचलं कुणी असतं?

आमची खोली पंपाच्या शेडला चिकटून,
तिर्लोटकरांच्या तीनशे कलमांच्या खालच्या अंगाला.
फेब्रुवारी ते मे बाबा रात्री झोपत नाहीत.
तासातासाला शिट्टी फुंकतात,
वानरांसाठी, चोरांसाठी,
आणि वर बंगल्यात कळावं म्हणून
की पगार जागा आहे.

मे महिन्यात आढीपाशी बसून मी फळं निवडते.
पाच डझनी इकडे, सहा डझनी तिकडे,
डागी बाजूला, उरलेली कॅनिंगला.
बोटांना इतकी सवय झालीय
की कॉलेजच्या वर्गात शिरले तरी नजर तेच करते,
आणि स्वतःला कुठल्या पेटीत टाकायचं
याचं रोज सकाळी वेगळं उत्तर येतं.
केस धुतलेले असले तर पाच डझनी.
फी थकली असली तर
कॅनिंग.

बारावीला पंच्याऐंशी टक्के पडले.
भाऊकाका तिर्लोटकरांनी बाजारात पेढे वाटले,
"आमच्या गुरख्याचा चेडू! बघा!"
माणूस चांगला. माझी पुस्तकं त्यांनीच घेतली.
वाईट वाटायला काहीच कारण नव्हतं,
तेच वाईट.
पेढा तोंडात नुसता फिरत राहिला.

त्यांची स्वरांगी माझ्याच बाकावर बसते.
तिला एकसष्ट.
परवा लायब्ररीच्या मागे
पवनचक्क्यांकडे तोंड करून रडत होती.
"घरात तीन डॉक्टर गो.
जेवताना माझ्याशी कोण बोलणा नाय.
तुझा बरा आसा.
तुझ्याकडून कोणाक कायच नको."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.
हात तिथेच होता आणि मी चिडले होते,
तीन दिवस चिडलेली राहिले.
भांडी घासताना तिला उत्तरं दिली,
अंथरुणात कूस बदलून दिली,
एकही धड जमलं नाही.
चौथ्या दिवशी हातातला टोप तसाच राहिला.
ती खरं बोलली होती.

आईला वाटतं मी शिवण शिकावं.
बाबांना वाटतं मी वेळेवर जेवावं.
अपेक्षा हीसुद्धा मिळकतच असते,
सातबाऱ्यासारखी वारसाने येते.
तिच्या वाट्याला एवढी आली की उचलवत नाही.
माझ्या नावावर
कुणी गुंठाभरही लावली नाही.
आम्ही दोघी वर्गात एकाच पंख्याखाली
घामाघूम.

काल गाडीला उशीर झाला.
तिठ्यावर अंधार, बाकावर एक म्हातारी
रिकामी पाटी पायांशी घेऊन.
"कोणाचा गो चेडू तू?"
जीभ सवयीने 'गु'वर गेली. थांबली.
"दलबहादूर रोकायाचा."
"तो खंयचो गो?"
कालिकोट म्हणणार होते,
पण कालिकोट मी बघितलंय कुठे?
समोरच्या कातळावर बॅटरीचा उजेड
एका कलमावरून दुसऱ्या कलमावर चालला होता.
"तो बघा. थंयचो."
म्हातारीने डोळे बारीक केले.
"गुरखो मा तो?"
"होय," म्हटलं. "तोच."

तेवढ्यात शिट्टी वाजली.
"आठ झाले," म्हातारी म्हणाली,
आणि पाटी ओढून घेत
मला बसायला जागा केली.